आखूड ठोका

स्टुडिओच्या दाराबाहेरच तिला आपलं व्हायोलिन ऐकू आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती स्वीडनच्या खेड्यातली पोल्स्का होती, जोडीनं गिरक्या घेत नाचायची चाल. ठोके तीन, पण सारखे नाहीत. पहिला आखूड, दुसरा रेंगाळणारा... आणि त्या रेंगाळण्यातच तर सगळी गंमत! तो ठोका हातात बसेपर्यंत तिनं घरच्यांचं डोकं उठवलं होतं. आणि इथे कुणीतरी कॉम्प्युटरवर तिन्ही ठोके मोजूनमापून सारखे करून टाकले होते. संध्याकाळी तिचा पहिला अल्बम जाहीर व्हायचा होता, नि त्यात ही पोल्स्का शाळेतल्या कवायतीसारखी वाजत होती.

तिनं दार ढकललं. आत अल्बममधला जॅझ पियानोवाला एकटाच बसला होता. दोघांचं वादन वेगवेगळ्या दिवशी रेकॉर्ड झालं होतं, त्यामुळे तोंडओळखही नव्हती.

“हा उद्योग कुणाचा?”

“माझा.” तो गडबडून उठला. “तुम्ही लयीत जरा डगमगत होता, म्हणून—”

“डगमगत? मी?”

“गोड डगमगत होता, पण—”

“गोडबीड काही सांगू नका! मूळचं आहे की तेही पुसलंत?”

“आहे. पण त्यावर माझा पियानो बसत नाही.”

“मग पियानो काढा!”

“काढतो,” तो म्हणाला. “खरं सांगू? सारखं केल्यापासून मलाही ते ऐकवत नाहीये.” आणि खरंच त्यानं माऊसकडे हात नेला.

आता मात्र तिला दुप्पट राग आला. भांडायला म्हणून यावं, नि समोरच्यानं असं पटकन मान्य करावं!

“इतक्यात हार मानलीत? अहो, भांडा तरी थोडं!” ती ओरडली. “उठा. नाचता येतं?”

“तुमच्याशी? या मूडमध्ये?”

“माझा मूड असाच असतो.”

तिनं त्याचा हात धरला. वायरींच्या गुंत्यातून वाट काढत दोघं गोल फिरू लागली. पहिल्याच गिरकीला त्याचा बूट तिच्या पायावर पडला.

“आई गं! पहिलं पाऊल आखूड! आता थांबा... दुसऱ्यावर जरा तोल जाऊ द्या...”

“तोल तर मघाशीच गेलाय,” तो पुटपुटला.

“काय म्हणालात?”

“काही नाही. मोजतोय.”

तिचे कान तापले, आणि तेही रागानंच असणार, असं तिनं स्वतःला बजावलं. पण पाचसहा गिरक्यांनंतर तो मोजेनासा झाला. तिच्या खांद्याबरोबर रेंगाळू लागला, तिच्याबरोबर वळू लागला.

मग तो पियानोवर बसला आणि तिनं व्हायोलिन हनुवटीखाली धरलं. त्याचे जॅझचे सूर तिरपे, खट्याळ, पण दुसऱ्या ठोक्याशी तो दरवेळी हात उचलून तिची वाट पाहत होता. आजवर तिच्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.

काचेपलीकडे येऊन उभ्या राहिलेल्या अल्बमच्या निर्मातीबाईंनी अंगठा वर केला. “सुरेख! हेच पाठवू ना?”

“नाही,” ती फणकारली. “पुन्हा एकदा.”

पियानोवाल्याचा चेहरा पडला. “कुठे चुकलो?”

“चुकला नाहीत!” ती जवळजवळ ओरडलीच. “मला घरी जायचं नाहीये... एवढंही कळत नाही?”