गुणवंताबाईंचा गोलंदाज

शरयूताई टिळेकर पावटे सोलत होत्या आणि गुणवंताबाई त्यांच्या चुका काढत होत्या.

"तिसऱ्या प्रकरणात आम्ही पौषात कैरीचं पन्हं पितो," टेबलावरच्या पेटीतून आवाज आला. "पौषात कैरी कुठून आणलीत?"

"चुकलं, बाईसाहेब. वयच तसं होतं. नायिकेला पन्हं पाजल्याशिवाय राहवायचं नाही."

गुणवंताबाई म्हणजे भोरकड्याच्या किल्लेदाराची विधवा. त्यांना जाऊन तीनशे वर्षं होत आली होती, पण हल्ली तेवढ्याने कोणाचं बोलणं थांबत नसे. गेलेल्या माणसाची पत्रं, निवाडे, दानपत्रं, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या साक्षी, त्याच्यावरची गाणी आणि लेख असं मिळेल ते गोळा करून यंत्र त्याची भाषा, स्वभाव आणि आठवणी पुन्हा जुळवत असे. याला स्मरणमूर्ती म्हणत. जिथे पुरावा संपे तिथे यंत्र आजूबाजूच्या माहितीवरून अंदाज बांधून सांधा भरत असे. गुणवंताबाईंचं चित्र कुठेच सापडलं नव्हतं, म्हणून त्यांना चेहरा नव्हता, फक्त आवाज होता. शरयूताईंना तेच सोयीचं वाटे. चेहरे आपले आपण ठरवायची त्यांना जन्माची खोड होती.

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिण्यात त्यांची हयात गेली. त्यांचे दोन नियम होते. प्रेम संवादात दाखवू नये, ताटात दाखवावं. कोण कोणासाठी काय राखून ठेवतं हे एकदा ठरलं, की लढाया काय, कुठेही घालता येतात. दुसरा नियम असा, की लिहिण्याआधी त्या गावी जाऊन बायकांत बसायचं आणि जात्यावरच्या ओव्या ऐकायच्या. ऐकलेली ओवी तोकडी पडली, तर आपली एखादी रचून बेमालूम मिसळून द्यायची. ही मिसळ अजून कोणाला ओळखता आली नाही, याचा त्यांना भारी अभिमान होता. तो अभिमान त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास त्यांच्या अंगाशी आला.

मृण्मयी कारखानीस आली ती चहालाही नको म्हणाली. स्मरणमूर्ती तपासून पास करणाऱ्या संस्थेत ती संशोधक होती, आणि गुणवंताबाई तिच्याच हातच्या. चुका निघाव्यात म्हणून पेटीही तिनेच ताईंकडे ठेवलेली.

"ताई, जूनपासून बाईसाहेब शाळांमध्ये जाणार. त्याआधी त्यांच्यातलं कल्पित तेवढं काढून टाकायचंय. अडचण सुभानजीची आहे."

सुभानजी हा शरयूताईंच्या पहिल्या गाजलेल्या कादंबरीचा नायक. भोरकड्याचा गोलंदाज. म्हणजे तोफा डागणारा, चेंडू टाकणारा नव्हे, हे त्यांना शाळेतल्या प्रत्येक कार्यक्रमात सांगावं लागे. विधवा किल्लेदारीण आणि तिचा गोलंदाज यांच्या त्या प्रेमावर तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, आणि त्यामुळेच पुस्तक धो धो खपलं होतं.

"तो यंत्रात शिरला कसा?" शरयूताईंनी विचारलं.

"तुमच्या पुस्तकावर लेख आले. लेखांवरून गडावर फलक लागला. शिवाय आम्ही गावातल्या ओव्या गोळा केल्या, त्यांत तो आहे. इतक्या वाटांनी एकच माणूस आल्यावर यंत्राला तो खरा वाटणारच. तुम्ही फक्त या ध्वनिमुद्रकासमोर सांगायचं, की सुभानजी मी रचला. तेवढ्यावर आम्ही त्याला पुसू."

"अहो, मीच रचलाय त्याला. द्या इकडे."

"कोणाला पुसताय?" पेटी म्हणाली.

दोघी दचकल्या. पेटी बंद करायची राहून गेली होती.

"बाईसाहेब, हे तुमच्या भल्यासाठी आहे," मृण्मयी म्हणाली. "तो तुमच्या आयुष्यात कधी नव्हता."

"आमच्या आयुष्यात कोण होतं, हे तुम्ही आम्हांला सांगणार?" आवाज चढला नाही. "धनी गेले तेव्हा आम्ही कोवळ्या होतो. पुढची सगळी वर्षं गडावर काढली. त्यांत एवढा एक माणूस आमच्याशी माणसासारखा बोलला. शरयूबाई, तोही काढून घेणार तुम्ही? मग आमच्यापाशी राहिलं काय? निवाडे?"

हा अंदाज आहे, सांधा आहे, शरयूताईंनी स्वतःला बजावलं आणि ध्वनिमुद्रक ओढून घेतला. तेवढ्यात मृण्मयी सहज म्हणाली, "ती ओवीसुद्धा तुमचीच ना? गडाच्या बुरुजावरी, तोफेची ग राख उडे, बाई माझ्या पदरावरी, डाग कुणाचा ग पडे?"

"माझीच," शरयूताई म्हणाल्या. मग थांबल्या. "म्हणजे... थांब हं."

भोरकडवाडीला चंद्राबाई सुतार म्हणून एक म्हातारी होती. ती दळायची आणि गायची. टेप लावलेला तिला खपत नसे, म्हणून शरयूताई ऐकून यायच्या आणि घरी बसून आठवेल तसं लिहायच्या. ही ओवी चंद्राबाईच्या तोंडची, की घरी लिहिताना सुचलेली? राख चंद्राबाईची आणि डाग आपला? त्यांनी डोळे मिटून पाहिलं. जात्याची घरघर ऐकू आली, चंद्राबाईच्या हातातल्या काचेच्या बांगड्या दिसल्या, पण तोंडचे शब्द काही केल्या ऐकू येईनात.

"गावातल्या बायका काय म्हणतात?"

"आईकडून शिकलो म्हणतात. पण त्यांच्या आयांनी तुमची कादंबरी रेडिओवर ऐकलेली असणार."

"म्हणजे ओवी चंद्राबाईची असेल, तर गडावर खरंच कोणीतरी गोलंदाज होता, आणि कोणाच्या तरी पदराला डाग लागला होता."

"आणि तुमची असेल, तर नव्हता. ताई, हे सांगणारं तुमच्याशिवाय आता कोणीच उरलेलं नाही."

शरयूताईंच्या डोक्याचा पार भुगा झाला. इतकी वर्षं 'सुभानजी खरा होता का हो?' असं विचारणाऱ्या वाचकांना त्या गूढ हसून दाखवत आल्या होत्या. ते हसू लबाडीचं होतं की खरोखरच्या अज्ञानाचं, हे आज त्यांचं त्यांनाच कळेना. नाव नक्की त्यांनी दिलेलं. पण माणूस? काल्पनिक म्हणावं आणि तो खरा निघावा, तर एका बाईचं उभं आयुष्य आपण दुसऱ्यांदा पुसणार. खरा म्हणावा आणि काल्पनिक निघावा, तर पोरं शाळेत आपलं पन्हं इतिहास म्हणून पिणार.

"आम्ही भाकरी घेऊन बुरुजावर जात असू," गुणवंताबाई आपल्याशीच बोलावं तशा म्हणाल्या. "भाकरीला हात लावण्याआधी ते दोन्ही तळवे नाकाशी नेत. तोफेच्या दारूचा वास गेला की नाही, ते पाहत. गेला नसेल, तर म्हणत, तुम्हीच भरवा."

शरयूताई एकदम हसल्या. छातीवरचा धोंडा उतरावा तसं त्यांना झालं.

"सुटला गं गुंता! अगं, ही आमच्या विश्रामची सवय. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. घरी आला, पानावर बसला, की आधी तळहात हुंगायचा, प्रयोगशाळेचा वास गेला का बघायला. मी ते उचलून सुभानजीला दिलं. म्हणजे बाई, नायक माझाच."

"झालं तर मग," मृण्मयीही खुलली. "हेच सांगा. नवऱ्यावरून बेतला म्हणून."

"तुमचे धनी असे होते, याला साक्ष कोण?" गुणवंताबाईंनी विचारलं. त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांच्याविषयी हाच प्रश्न सकाळपासून चालला होता, तोच त्यांनी उलटा विचारला.

"साक्ष कशाला? मुलगी आहे की माझी." शरयूताईंनी फोन लावून आवाज मोठा केला. "रेवती, कामात आहेस का? एकच सांग. बाबा जेवायला बसताना हात हुंगायचे ना?"

"बाबा?" रेवती हसली. "काहीतरीच काय, आई. ते सुभानजी करतो."

"अगं, सुभानजीला मी ते बाबांवरूनच..."

"आई, बाबांना वास कुठे यायचा? जन्मापासूनच येत नव्हता. दूध नासलंय का, ते तुला विचारायचे, विसरलीस? एकदा गॅस चालू राहिला होता, तर तू बाहेरून येऊन केवढी ओरडली होतीस. आई? बरी आहेस ना?"

बरी आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला. विसरल्या नव्हत्या. विश्रामला वास येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पानावर बसून तळवे नाकाशी नेणारा विश्रामही तितकाच पक्का ठाऊक होता. दोघे इतकी वर्षं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी नांदले, आणि एकानेही दुसऱ्याबद्दल कधी तक्रार केली नाही. यातल्या कोणाशी त्यांनी संसार केला? तो जाऊन बारा वर्षं झाली होती. त्याला आठवायला बसलं की जे जे समोर यायचं ते त्या एकेक करून तपासू लागल्या. ते उशाखाली घड्याळ ठेवणं? ते दुसऱ्या कादंबरीतल्या कारकुनाचं. रागावला की उलटा अंगरखा, नाही, सदरा घालून बाहेर पडणं? सदरा की अंगरखा? एकेक गोष्ट हातात घ्यावी, तर तिच्यावर कुठल्या ना कुठल्या पुस्तकाची धूळ. त्यांना रडू आलं, आणि आपण नक्की कोणासाठी रडतोय, हेही त्यांना सांगता आलं नसतं.

"ताई," मृण्मयीने हळूच विचारलं, "काय लिहू? सुभानजी होता की नव्हता?"

ध्वनिमुद्रक बाजूला सारून शरयूताईंनी पेटी जवळ ओढली आणि इतक्या खालच्या आवाजात बोलल्या, की शेजारी बसलेल्या मृण्मयीलाही कान द्यावे लागले.

"बाईसाहेब, तुम्ही माझं सगळं लिहिणं वाचलंय. त्यात न आलेला एक माणूस होता. विश्राम त्याचं नाव. तो कसा होता, तुम्हांला काही आठवतं का?"