व्ह्यूफाइंडरमागचा डोळा

बाईंची लेक आली, पण बसली नाही. वहिनींनी पुढे केलेल्या खुर्चीची पाठ धरून ती उभी राहिली, मग खिडकीशी गेली, मग पुन्हा खुर्चीपाशी आली. तिची ती येरझार बघून भावजींचाच जीव वरखाली व्हायला लागला.

"आईचा आवाज चोरीला गेलाय," ती म्हणाली.

नवरा गेल्यावर वहिनींनी वकिली सोडून तपासाचा हा उद्योग सुरू केला. विमा कंपनीतून निवृत्त झालेले त्यांचे दीर, म्हणजे भावजी, तेव्हापासून त्यांच्या सोबतीला होते. भावजींनी चोरीच्या नाना तऱ्हा ऐकल्या होत्या. ही नवीन होती.

"उभ्यानंच सांग, पण नीट सांग," वहिनी म्हणाल्या.

लेकीची आई रंगभूमीवरची जुनी नटी. सगळे तिला नुसतं 'बाई' म्हणत. बाईंच्या घशाचं दुखणं विकोपाला गेलं होतं. उद्या सकाळी शस्त्रक्रिया होती आणि तीत स्वरयंत्रच काढून टाकणार होते. म्हणून आज लेकीनं एक कॅमेरावाला बोलावून आईचं बोलणं टिपायला घेतलं. मध्येच बाई दमल्या, वाफ घ्यायला आत गेल्या आणि त्यांचा डोळा लागला. बऱ्याच वेळानं कॅमेरावाला परत कॅमेऱ्याशी आला, तर आतलं कार्ड बदललेलं. बाईंचं बोलणं असलेलं गेलं होतं, त्याच्या जागी एक कोरं.

"मग पुन्हा बोलायला सांगा," भावजी म्हणाले.

"पुन्हा बोलायला तिच्यात आवाज कुठे उरलाय, काका? डॉक्टरांनी सांगितलंय, फार तर चार वाक्यं. अंधार पडायच्या आत मुकाट झोपायचं."

"घरात कोण होतं?" वहिनींनी विचारलं.

"मी, कॅमेरावाला, आईची शिष्या आणि मावशी. दाराला आतून साखळी होती. कॅमेरावाला खाली गेला-आला तेवढी मीच काढली, बाकी वेळ आत आईपाशी होते. म्हणूनच पोलिसांकडे जायचा धीर होत नाही. कुणाचं नाव घेऊ?"

वहिनी तोवर चपला घालून तयार होत्या.

*

बाहेर वारा सुटला होता. बाईंच्या दिवाणखान्यात खिडकीची एक झडप सारखी आपटत होती आणि ती लावायचं कुणालाच सुचत नव्हतं. बाईंच्या रिकाम्या खुर्चीसमोर ट्रायपॉडवर कॅमेरा उभा होता. त्याच्याभोवती कॅमेरावाला घिरट्या घालत होता.

"पहिल्यापासून सांगा," वहिनी म्हणाल्या. "मला यातलं काही कळत नाही असं समजून."

काम सांगायचं म्हटल्यावर तो जरा स्थिरावला. "आधी ट्रायपॉड सपाट केला. मग बाईंच्या हातात पांढरा कागद दिला आणि त्यावर रंग जुळवला, नाहीतर खिडकीच्या उजेडात चेहरा निळा पडतो. गळ्याशी बारीक माइक लावला. मग एक छोटा शॉट घेतला आणि तो परत लावून सगळ्यांना दाखवला. इथे, या बाजूच्या पडद्यावर. सगळे भोवती गोळा झाले होते."

"म्हणजे घेतलेलं परत कसं लावतात, ते सगळ्यांनी पाहिलं."

"पाहिलं असणार. कार्ड कुठून निघतं तेही पाहिलं. कोरी कार्डं शेजारीच ठेवली होती. यात दोन कार्डं बसतात, पण दुसरा स्लॉट बिघडलाय. नाहीतर ही वेळच आली नसती."

"बाई बोलत होत्या तेव्हा खोलीत कोण?"

"प्रश्न विचारायला त्यांची मुलगी. कोपऱ्यात शिष्या. कॅमेऱ्यामागे मी. मावशींना मीच बाहेर बसायला सांगितलं. त्यांना खोकल्याची उबळ येते आणि हा माइक काही म्हणता काही सोडत नाही. त्यांचं तोंड एवढंसं झालं, पण माझाही नाइलाज होता."

"आणि बाई आत गेल्यावर तुम्ही?"

"खाली गाडीतून दुसरा दिवा आणायला गेलो. उरलेल्या भागासाठी बाईंना शेजारी आणखी एक खुर्ची हवी होती. दोन माणसांना एक दिवा पुरत नाही. तो दिवा सामानाच्या तळाशी. सगळं उपसावं लागलं."

"परत आल्यावर काय काय बदललेलं दिसलं? कार्ड सोडून."

कॅमेरावाला थबकला. हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. "पडदा मिटलेला होता. मी उघडा ठेवला होता. हेडफोन लावला तर आवाज पार वर चढवलेला, कानठळ्या बसल्या. आणि या व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर सगळं धूसर. ज्याच्या त्याच्या चश्म्याच्या नंबराप्रमाणे फिरवायचं एक चाक असतं, ते कुणीतरी टोकाला नेलं होतं. तेव्हाच मनात पाल चुकचुकली, म्हणून कार्ड तपासलं."

"चाक कुठाय?"

त्यानं डोळ्याशी टेकायच्या रबराची कड खालून उचलली. आत चाकाची नखाएवढी, खाचा पाडलेली कड होती. भावजींनी वाकून पाहिलं, तरी ती त्यांना चटकन दिसली नाही.

"सांगितल्याशिवाय सापडत नाही," कॅमेरावाला म्हणाला. "आमच्यातलेही आधी चाचपडतात."

"तुम्हीच कार्ड घेतलं नाही कशावरून?" भावजींनी सरळ विचारलं.

"घेतलं असतं तर मीच आरडाओरडा कशाला केला असता? गुपचूप उरलेलं टिपून घरी गेलो असतो. उद्यापर्यंत कुणाला पत्ता लागला नसता."

भावजींना ते पटलं आणि पटलं म्हणून ते वैतागले.

*

शिष्या सज्जात उभी होती. तिचा चेहरा भावजींनी पोस्टरांवर पाहिला होता. प्रत्यक्षात ती जास्त थकलेली दिसत होती.

"तुम्ही मलाच धरणार, मला माहितेय," ती म्हणाली. "बाई कॅमेऱ्यासमोर म्हणाल्या, हिला टाळ्या लवकर मिळाल्या, त्यामुळे शिकायचं राहून गेलं. मी तिथेच बसले होते. हसऱ्या चेहऱ्यानं."

"राग आला?"

"आला. उद्या सगळं जग ते ऐकणार. पण बाईंचा आवाज चोरायचा म्हणजे…" ती थांबली. "मला जे काही येतं, ते त्या आवाजातूनच आलंय."

"बाई झोपल्या होत्या तेव्हा कुठे होतात?"

"इथेच, फोनवर. कुणी पाहिलं नाही."

"आणि ती दुसरी खुर्ची? ती कुणासाठी होती?"

"माझ्यासाठी. दुसरं कोण आहे?" ती म्हणाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी, "बाईंनी तसं सांगितलं नाही, पण मीच असणार."

आत येताना भावजी कुजबुजले, "हीच. कारण आहे, संधी आहे, कॅमेऱ्याची सवय आहे."

"सवय आहे, तीच तर पंचाईत आहे, भावजी," वहिनी म्हणाल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या.

मावशी बाईंची धाकटी बहीण. अंगानं एवढीशी. ती खिडकीशी बसून बाईंच्या इस्पितळात न्यायच्या झग्याला बटण लावत होती. चश्मा काढून तिनं कापड पार नाकाशी नेलं होतं. जाड भिंगांचा तो चश्मा टेबलावर पालथा पडला होता. चश्म्याचं घर मात्र तिच्या मांडीवर होतं. भावजींना राहवलं नाही.

"भिंगांना ओरखडे पडतील, मावशी. घरात ठेवा."

"असू दे," मावशी म्हणाली आणि ते घर तिनं झग्याखाली सरकवलं.

वहिनींनी काहीतरी विचारलं. मावशीनं मान वळवून दुसरा कान पुढे केला. "मोठ्यानं बोला. कमी ऐकू येतं मला."

"म्हटलं, तुम्हीही नाटकातच होतात ना?"

"नाटकात नाही, विंगेत. ताई उजेडात, मी पडद्याआड. ती अडली की मी शब्द टाकायचे. सगळी नाटकं मला पाठ. अजून आहेत."

"आज ताई काय बोलल्या, कानावर आलं?"

"मला खोलीतून घालवलं होतं." सुईचा टाका चुकला. मावशीनं तो उसवला. "नंतरही कुणी सांगितलं नाही."

"आणि ते यंत्र?"

"त्याच्या वाटेलासुद्धा गेले नाही मी. त्यातलं मला काय कळतंय?"

*

उजेड उतरायला लागला होता. लेक दाराशी जाऊन आत झोपलेल्या आईचा कानोसा घेत होती, परत येत होती, पुन्हा जात होती. वहिनींनी सगळ्यांना दिवाणखान्यात बोलावलं आणि कॅमेरा भिंतीवरच्या एका जुन्या नाटकाच्या फोटोकडे वळवून घेतला.

"एकेकानं डोळा लावायचा आणि फोटोखालची अक्षरं वाचायची. एवढंच."

लेकीनं वाचली. शिष्येनं वाचली आणि विचारलं, "यातून काय कळणार?" वहिनींनी मावशीला खुणावलं.

मावशी पुढे आली. चश्मा रबराला अडला, म्हणून तिनं तो काढला. टाचा उंचावून डोळा लावला. काहीच दिसत नसणार. तिचा हात वर गेला, बोट रबराच्या कडेखाली सरकलं आणि चाक फिरलं.

"हं. आता दिसतंय," ती म्हणाली.

आणि ती तशीच राहिली. चाकावरचं बोट काढायचंही तिला सुचलं नाही.

वहिनींनी तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा, पण मऊ आवाजात बोलायला लागल्या.

"कार्ड नुसतं नाहीसंच करायचं असतं, तर ते क्षणाचं काम होतं. झाकण उघडायचं, कार्ड काढायचं, निघून जायचं. पण इथे कुणीतरी हेडफोन लावला, व्ह्यूफाइंडरला डोळा लावला आणि आधी सगळं पाहिलं. दारातून जाणाऱ्याला दिसू नये म्हणून बाजूचा पडदा मिटला. म्हणजे चोराला आधी ऐकायचं होतं. आता सांगा भावजी, बाई काय बोलल्या हे कुणाला ऐकायची गरज होती?"

"ज्यानं ऐकलं नव्हतं त्याला," भावजी म्हणाले आणि आपण हे आधी का म्हटलं नाही याचं त्यांना नवल वाटलं.

"लेक समोर होती. शिष्या कोपऱ्यात होती. कॅमेरावाल्यानं तर शब्द न् शब्द कानात ऐकला होता. बाहेर एकच माणूस होतं. त्यात आवाज पार वर चढवलेला, म्हणजे कानानं कमी ऐकणारं. चाक टोकाला नेलेलं, म्हणजे जाड चश्म्याचं. शिष्येला कॅमेऱ्याची सवय आहे आणि नजर चांगली. तिनं चाकाला हात लावला नसता. तरी मला खात्री करून घ्यायची होती. सांगितल्याशिवाय न सापडणारं चाक मावशींच्या बोटाला चाचपडावं लागलं नाही. एकदा धडपडून शोधलेली जागा हात विसरत नाही."

खिडकीची झडप पुन्हा आपटली आणि या वेळी कॅमेरावाल्यानं जाऊन ती लावली.

"कार्ड मोडलेलं नाही, मावशी. मला माहितेय," वहिनी म्हणाल्या. "चश्मा उघडा टाकून घर सांभाळणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं."

मावशीनं चश्म्याचं घर उघडलं. पुसायच्या फडक्याखाली कार्ड होतं.

"मोडायला घेतलं होतं," ती म्हणाली. "हात चालला नाही. ताईचा आवाज आहे त्यात."

"पण का, मावशी?" लेक म्हणाली. "आई तुझ्याबद्दल काही वाईट बोलली नव्हती."

"काहीच बोलली नव्हती." मावशीचा आवाज चढला नाही. "शेवटपर्यंत ऐकलं मी. गुरुजी आले, नाटक मंडळी आली, पडदा ओढणारासुद्धा आला. या तिच्या शिष्येचं नाव आलं. माझं आलं नाही. जन्मभर मी तिच्या तोंडात शब्द घातले, आणि उद्यापासून ती बोलणारच नाही. मग कधी येणार होतं?"

लेक मटकन खाली बसली. आल्यापासून ती पहिल्यांदाच बसत होती.

"मावशी, ते पुरं झालं नव्हतं गं. राहिलेलं काय ते आई सांगेना. म्हणाली, ते बोलताना माझा गळा भरून येईल, म्हणून सगळ्यात शेवटी. शेजारी एक खुर्ची ठेव, एवढंच म्हणाली."

शिष्येनं त्या दुसऱ्या खुर्चीकडे पाहिलं, मग मावशीकडे. तिनं ती खुर्ची उचलली आणि बाईंच्या खुर्चीला चिकटवून ठेवली.

"आणि कार्ड गेल्याच्या गोंधळात चित्रण तिथेच थांबलं," वहिनी म्हणाल्या. "तुमचंच नाव यायचं होतं, मावशी. ते तुम्हीच अडवलंत."

मावशीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. भावजी खिडकीबाहेर पाहू लागले. गुन्हेगार सापडल्यावर त्यांना एरवी बरं वाटायचं. आज कुठे पाहावं ते कळेना.

दारात बाई उभ्या होत्या. कधी उठून आल्या, कुणाला कळलं नव्हतं. चौकटीला धरून त्यांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आपल्या खुर्चीत येऊन बसल्या आणि शेजारची खुर्ची हातानं थोपटली.

मावशी उठेना. "मी खोकेन," ती म्हणाली.

"खोका," कॅमेरावाला म्हणाला. "खुशाल खोका."

त्यानं दुसरा दिवा लावला. पांढरा कागद या वेळी मावशीच्या हातात दिला. माइक बाईंच्या गळ्याशी नीट केला, हेडफोन चढवला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्यावरचा तांबडा ठिपका उजळला.

बाईंचा आवाज ओल्या लाकडासारखा झाला होता. एकेक शब्द पेटवावा लागत होता.

"ही माझी धाकटी बहीण," बाई म्हणाल्या. "हिचा आवाज तुम्ही कधी ऐकला नाही. हिनं तो फक्त मला ऐकू येईल इतकाच लावला. तुम्ही टाळ्या दिल्यात, तेव्हा त्यातल्या अर्ध्या विंगेत पाठवायच्या होत्या, मी पाठवल्या नाहीत."

आणखी काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला आणि कॅमेऱ्याकडे बघत राहिल्या. कॅमेरावाल्यानं खूप वेळ बटण बंद केलं नाही.

*

शस्त्रक्रिया नीट पार पडली. काही दिवसांनी वहिनी आणि भावजी इस्पितळात भेटायला गेले, तेव्हा खोलीबाहेरच मावशीचा चढा आवाज ऐकू आला. उशी किती उंच असावी यावरून दोघी बहिणींची जुंपली होती. बाई पाटीवर भराभर लिहीत होत्या, मावशी ते डोळ्यांशी नेऊन वाचत होती आणि उत्तर द्यायच्या आधी पुसून टाकत होती, म्हणून बाई आणखी चिडत होत्या.

"आत जायचं?" भावजींनी विचारलं.

"थांबा जरा," वहिनी म्हणाल्या. "बोलू दे त्यांना."