लांब पल्ल्याचे पाय

गेल्या वर्षीच्या थंडीत मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी दिलं नाही.

असं लिहिलं की वाटतं, माणूस मोठा निष्ठुर असणार. तसं नाही. मी फक्त भित्रा आहे. चाळीस वर्षं एका ग्रंथालयात काढली. लोकांनी नेलेली पुस्तकं परत यायची वाट बघणं, एवढं एकच काम मला नीट जमतं. उत्तर द्यायची पाळी माझ्यावर फारशी कधी आलीच नव्हती.

पत्र छोटं होतं.

‘दोघांनी मिळून चालवायची एक सायकल इथे मिळाली आहे. समुद्राच्या कडेचा सपाट रस्ता, तीनशे किलोमीटर, वीस तासांच्या आत. पुढच्या सीटवर तुम्ही बसाल का? मागे मी आहे. ते झाल्यावर परत जायचं की इथेच राहायचं, तुम्ही ठरवा. माझं विचाराल तर... नका जाऊ.’

माझं वय तेव्हा सदुसष्ट, तिचं एकसष्ट. या वयात असलं काही सांगायला बसलो याची मला लाज वाटते आहे. पण सुरुवात केली आहे, तर आता मागे फिरत नाही.

निवृत्त झाल्यावर डॉक्टर म्हणाले होते, रोज एक तास हातपाय हलवा. मी जुनी सायकल विकत घेतली आणि आठ महिने इमानदारीनं चालवली. रोज गुडघे ठणकायचे. घरी मी आणि माझी पुतणी. ती बँकेत नोकरीला जाते आणि उरलेल्या वेळात माझ्यावर देखरेख करते. ती म्हणायची, “काका, गुडघ्यांचं ऐका जरा.” मी ऐकत होतो. ते म्हणत होते, वय झालं.

एके दिवशी रिमझिम चालू होती आणि एका सायकलच्या दुकानासमोर माझी चेन उतरली. आडोशाला उभा राहिलो. आतून एक बाई हात पुसत आली. ठेंगणी, पांढरे केस अगदी आखूड कापलेले. आधी तिनं सायकलकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सायकलकडे.

“ही सायकल कोणाची?”

“माझी.”

“मग तिच्यावर असे पाहुण्यासारखे का बसता? मघाशी बघितलं मी... सगळं अंग चोरून.”

“म्हणजे?”

“सीट केवढी खाली आहे! आधीचा मालक बुटका होता का?”

होता. माझ्या खांद्याला लागायचा.

“वर करून घ्यायची ना!”

“पाना नव्हता.”

“मागायचा.”

“कोणाकडे?”

ती नुसती वळून दुकानाच्या भिंतीकडे पाहू लागली. भिंतीवर लहानमोठे तीसेक पाने टांगलेले होते. मी रोज त्याच दुकानावरून जात होतो.

तिनं सीट चार बोटं वर केली. मला खांबाला धरून बसायला लावलं. “टाच पेडलवर टेकवा. पाय सरळ झाला? हं... असाच हवा.” बोलता बोलता माझ्या गुडघ्यामागे तिनं तळहात लावून पाहिला. मी श्वास रोखून धरला. सीटच्या उंचीसाठी त्याची गरज नव्हती.

दुकान तिच्या धाकट्या भावाचं होतं. मागच्या खोलीत ती सायकलपटूंची मापं घ्यायची, कोणाचं शरीर कोणत्या शर्यतीला योग्य ते शोधून द्यायची. पोरं तिला मापबाई म्हणत. तरुणपणी ती स्वतः घाटांच्या शर्यतींत पहिली यायची, हे मला भावानं सांगितलं. तिनं नाही.

“तुम्ही कुठल्या प्रकारचे?” तिनं विचारलं.

“चढावाचा,” मी छातीठोक सांगितलं. याची तयारी माझी होती. “पुस्तकात दिलंय. सडपातळ माणसाला चढ सोपा जातो. मी उंची आणि वजनाचा हिशेब करून पाहिलाय.”

“पोहायलाही पुस्तकातूनच शिकलात का?”

“हो.”

“येतं?”

“...पुस्तकात येतं.”

ती एवढ्या जोरात हसली की भाऊ आतून विचारता झाला, “ताई, काय सांडलं?”

“काही नाही रे! रविवारी टेकडीवर एक चढावाचे गृहस्थ येतायत आपल्याबरोबर!”

त्या रविवारी टेकडीच्या तिसऱ्या वळणावर मी उतरलो आणि सायकल ढकलू लागलो. पोरं कधीच दिसेनाशी झाली होती. ती माथ्यावर जाऊन आली, वळली आणि माझ्याशेजारी उतरून चालू लागली. तिचा श्वासही वाढला नव्हता.

“तुम्ही जा पुढे,” मी म्हणालो. “माझ्यामुळे तुमचा खोळंबा...”

“मी खोळंबत नाहीये. मी बघतेय.”

“काय?”

“तुमचं मांडीचं हाड लांब आहे. छाती रुंद आहे, तुम्ही ती लपवता म्हणून दिसत नाही. आणि एवढं होऊनही तुम्ही थांबला नाहीत, नुसते उतरलात. पुस्तकानं तुम्हाला फसवलंय, ग्रंथपाल.”

“मग मी कशाचा?”

“ते मोजल्याशिवाय सांगत नाही मी. मंगळवारी या. पोट हलकं ठेवून.”

मंगळवारी मी गेलो. मागच्या खोलीत एक सायकल लोखंडी घोडीवर घट्ट बसवलेली होती. चाक जागेवरच फिरायचं आणि पायांतला जोर समोरच्या पडद्यावर आकड्यांत उमटायचा. आधी दहा सेकंद सगळा जीव लावायचा होता. तिनं आकडा पाहिला आणि गंभीरपणे म्हणाली, “हे आपण कोणाला सांगायचं नाही.” मग पाच मिनिटं. “हेही.” मग एक तास, स्थिर वेगानं.

तासाच्या मध्यावर एक गिऱ्हाईक आलं, म्हणून ती बाहेर गेली. मग भावाबरोबर चहा प्यायली. परत आली तेव्हा तासावर वीस मिनिटं झाली होती आणि मी पेडल मारतच होतो.

“अहो! थांबायचं होतं ना!”

“कोणी सांगितलं नाही.”

तिनं पडद्यावरची रेघ मागे सरकवत नेली, अगदी पहिल्या मिनिटापर्यंत. रेघ सरळ होती... कोणी पट्टी लावून ओढावी तशी.

“थकला नाहीत?”

“थकलोय. पण सांगायचं कोणाला?”

या वेळी ती हसली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, “ऐका. वेग तुमचा नाही. चढ तर नाहीच नाही. तुम्ही लांब पल्ल्याचे आहात. पहिल्या तासाला जसे, तसेच दहाव्या तासाला. असे पाय मी तीस वर्षांत चौघांचे पाहिले असतील... आणि तुम्ही ते ग्रंथालयात ठेवून दिलेत!”

सदुसष्ट वर्षांत माझ्या अंगाबद्दल कोणी चांगलं बोललं नव्हतं. काय करावं ते मला कळेना. मी घंटी वाजवली. घोडीवरच्या सायकलला घंटी होती, हे एक बरं.

मग आम्ही सपाट रस्त्यांवर जाऊ लागलो, कालव्याच्या कडेनं, धान्याच्या गोदामांवरून. आधी तीस किलोमीटर, मग साठ, मग नव्वद. तिनं मला शिकवलं की भूक लागायच्या आधी खायचं, तहान लागायच्या आधी प्यायचं आणि दुखायच्या आधी हातांची पकड बदलायची. समोरून वारा आला की ती माझ्या मागच्या चाकाला चिकटायची.

“तुमच्या मागे वाराच लागत नाही!” ती ओरडायची.

“भिंत आहे मी!”

“भिंती माझ्याशी इतकं बोलत नाहीत!”

“मग गप्प बसू?”

“खबरदार!”

एकदा पुलावर पाणी प्यायला थांबलो. ती कठड्याला टेकून म्हणाली, “नवरा गेल्यावर नऊ वर्षं मी एकटीच पुढे राहिले. मागे राहायला किती छान वाटतं, ते विसरलेच होते.” मी बाटलीचं झाकण लावत राहिलो. ते तीनदा लागलेलं होतं. तिनं बाटली हातातून काढून घेतली आणि... तिचा हात तिथेच राहिला. खालून एक नाव जाईपर्यंत राहिला.

एवढं झाल्यावर कोणीही शहाणा माणूस दोन शब्द बोलला असता. मी म्हणालो, “वारा बदललाय.”

“हो,” ती म्हणाली. “केव्हाचा.”

महिन्याभरात तिला समुद्राकडच्या एका गावातून बोलावणं आलं, मुलींच्या संघाला शिकवायला. ती गेली. दोन महिन्यांनी ते पत्र आलं.

मी उत्तर का दिलं नाही? ‘हो’ लिहायला बसलो, आणि मनात आलं, तीनशे किलोमीटर आपण कधी केले आहेत? न वाचलेलं पुस्तक मी कधी कोणाला सुचवलं नाही. आधी बघावं, जमतं का, मग लिहावं. त्या दुपारीच मी चाळीस किलोमीटर जाऊन आलो.

त्यानंतर मी जे केलं, ते करताना मला कोणी पाहिलं असतं तर वेडा म्हटलं असतं. पहाटे उठायचो. पावसात जायचो. एकदा खड्ड्यात पडून मनगट सुजलं, तर पंधरा दिवस घरात बसून नुसते पाय चालवले. पुतणी दारात उभी राहून म्हणायची, “काका, या वयात लोक तब्येतीला जपतात.” मी म्हणायचो, “तेच करतोय.” नऊ महिन्यांनी मी शंभराच्या पुढे गेलो, तेरा महिन्यांनी दोनशे. साडेबारा तास लागले. शेवटच्या तासाला मी पहिल्या तासाइतकाच होतो, हे मी घड्याळ लावून पाहिलं. आता फक्त शंभर उरले होते. येत्या रविवारी तीनशे करायचे, आणि सोमवारी पत्र.

शनिवारी ब्रेक तपासून घ्यायला दुकानात गेलो. भाऊ ब्रेकची तार ओढून बघत होता.

“उद्या कुठे?”

“तीनशे,” मी हळूच म्हणालो. “झाले की ताईंना पत्र लिहीन म्हणतो.”

त्याचे हात थांबले. “कसलं पत्र?”

मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी सांगितलं. तो तार सोडून खाली स्टुलावर बसला.

“म्हणजे हे असं होतं तर! ती दर महिन्याला फोनवर विचारायची, ग्रंथपाल येतात का रे दुकानात? मी म्हणायचो, येतात, बरे आहेत, पायांत गोळे आणायचं खूळ लागलंय. काही म्हणाले का? मी म्हणायचो, नाही. चौदा महिने हेच.” त्यानं हात फडक्याला पुसले. “या महिन्यात फोन आला होता. तुमचं विचारलं नाही तिनं.”

दुकानात कोणीतरी टायरमध्ये हवा भरत होतं. पंपाचा आवाज मला फार मोठा वाटला.

“पण मला खात्री करून...”

“अहो, तिला तुमच्या पायांची खात्री तुमच्या आधी झाली होती! तिनं तीनशे किलोमीटर मागितले होते का? उत्तर मागितलं होतं!”

“आता उशीर झाला असेल?”

“ते मला काय विचारता?” तो चिडून उठला. “मी ब्रेक दुरुस्त करतो.”

ब्रेक तसेच सोडून मी चालत घरी आलो. वाटेत स्वतःला फार बोललो; पण हेही कळत होतं की स्वतःला बोलत बसणं ही माझी जुनी पळवाट आहे. मी जाणूनबुजून पाऊल जोरात टाकू लागलो. पुतणी जेवायला वाढत होती.

“मला कागद हवाय.”

“तुमच्या टेबलावर चार रीम आहेत, काका.”

“आणि आठ दिवसांनंतरचं गाडीचं तिकीट. समुद्राकडचं.”

तिच्या हातातला डाव हवेत राहिला. “परतीचं कधीचं काढू?”

“नको.”

माझ्या ताटात आणखी एक डाव भात टाकत ती म्हणाली, “इतके दिवस काय झोपा काढत होतात?”

“सायकल चालवत होतो.”

पत्र मी एकदाच लिहिलं. दुसऱ्यांदा वाचलं नाही. वाचलं असतं तर ते टेबलाच्या खणात गेलं असतं, हे मला चांगलं ठाऊक होतं.

‘तुमच्या पत्राला चौदा महिने उत्तर दिलं नाही. चूक माझी. तीनशे किलोमीटर होतात का ते बघत होतो. दोनशे झाले आहेत. उरलेले शंभर मला एकट्याला करायचे नाहीत, आणि ते जमतील की नाही हे मला माहीत नाही. पुढच्या सीटवर मी बसतो. दुसरं कोणी बसलं असेल, तर मी पाण्याच्या बाटल्या घेऊन रस्त्याच्या कडेला उभा राहीन. पण येणार नक्की. पुढच्या रविवारी सकाळच्या गाडीनं येतोय. परत जायचं की नाही, असं तुम्ही विचारलं होतं. नाही जायचं.’

पाकिटाला पोस्टाचं तिकीट चिकटवून मी चौकात गेलो तेव्हा टपाल खात्याचा माणूस पेटी उघडून पत्रं पिशवीत भरत होता. मी पाकीट पुढे केलं. ते दोन्ही हातांनी धरलेलं होतं. एका हातानं ते सुटेना. त्यानं पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“एकदा पिशवीत गेलं की परत मिळत नाही हं, आजोबा.”

“म्हणूनच देतोय,” मी म्हणालो, आणि सोडलं.