मोरी शेवटी धुतात

स्वच्छ घासलेल्या टेबलावर जंतू येतात तरी कुठून?

तीन आठवडे एस्तेरच्या घरात याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. खरं तर बोलणंच नव्हतं. आई जेवायला बसायची आणि ताट तसंच सारून उठायची.

एस्तेरची आई मार्था मांसप्रक्रिया कारखान्यात सफाई विभागाची प्रमुख होती. तिथे कोंबडीचं मांस शिजवून, थंड करून, त्याच्या चकत्या पाकिटांत भरत. त्या खाऊन वृद्धाश्रमातल्या तिघीजणी तापाने फणफणल्या. दोघी सावरल्या. दमयंतीबाई गेल्या. कारखाना बंद झाला. आईने टेबलं तीनदा घासली, तीनदा तपासणी झाली आणि तिन्ही वेळा जंतू सापडले. आता शुक्रवारी शेवटची तपासणी. तीही नापास झाली, तर कायमचं कुलूप.

"आजोबा, मांस शिजवल्यावर जंतू मरतात ना?" एस्तेरने विचारलं.

शांतवन आजोबा त्याच कारखान्यातले निवृत्त सूक्ष्मजीवतज्ज्ञ. फार हळू बोलायचे, जणू स्वतःच्या बोलण्याचीच त्यांना खात्री नव्हती.

"मरतात. म्हणजे, नीट शिजवलं तर मरतात. हा नंतर येतो, चकत्या करताना. लिस्टेरिया (थंडीतही वाढणारा एक जिवाणू) आहे हा. फ्रिजमध्येही सावकाश वाढत राहतो. धडधाकट माणसाला सहसा फार त्रास देत नाही. म्हाताऱ्यांना मात्र..."

त्यांचा जुना रोबो चिमटा काचेची बशी घेऊन पुढे आला. "कारखान्याच्या टेबलाचा नमुना. निळे ठिपके सदतीस."

"एकटा जंतू डोळ्यांना दिसत नाही," आजोबा म्हणाले. "म्हणून स्वॅब (निर्जंतुक बोळा लावलेली काडी) टेबलावर फिरवायचा, मग या पोषक जेलीवर ओढायचा आणि दोन दिवस उबेत ठेवायचं. एकाचे दोन, दोनाचे चार, असे लाखो झाले की ठिपका दिसतो. या खास जेलीवर लिस्टेरियाचा ठिपका निळा उमटतो."

"पण चिमट्याच्या दिव्याखाली टेबल स्वच्छ होतं!"

"माझा दिवा मांसाचे उरलेले कण दाखवतो, जंतू नाही," चिमटा म्हणाला. "हे मी चारदा सांगितलं. माझं कोण ऐकतंय?"

"रुसू नकोस रे डब्या," एस्तेर म्हणाली.

सोमवारी दुपारी आईने भांडी घासून, पुसून जाळीवर पालथी घातली आणि मोरी धुवायला घेतली. पाइपाचं पाणी जोरात आपटलं. शेजारी उभ्या एस्तेरच्या गालावर गार थेंब उडाला. तिने जाळीकडे पाहिलं. कोरड्या पुसलेल्या ताटांवरही थेंब होते.

"आई, कारखान्यातही मोरी शेवटीच धुतेस?"

"मग? मोरी शेवटीच धुतात. माझ्या आईनेही तेच शिकवलं. टेबलांना जंतूंचं औषध मारून सफाईच्या मुली घरी गेल्या की जमिनीतली ती लांब मोरी मीच धुते, मोठा पाइप लावून. ती घाण दुसऱ्या कुणाला कशाला काढायला लावू?"

आईला काही न बोलता एस्तेर आजोबांकडे गेली. "मोरीचे थेंब टेबलांवर उडत असतील का?" तिने विचारलं.

"असेल. नसेलही. बघितल्याशिवाय बोलू नये," आजोबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी परवानगी काढून आजोबा, एस्तेर, आई आणि चिमटा बंद कारखान्यात गेले. चिमट्याने आधी मोरीचा स्वॅब घेतला. आजोबांनी मोरीतल्या पाण्यात कपड्यांची नीळ कालवली, एस्तेरने टेबलांवर पांढरे कागद पसरले. आईने नेहमीसारखा पाइप धरला.

पाणी थांबलं. कागदांवर निळे ठिपके उमटले होते, अगदी त्या बशीतल्यासारखे.

"दोनशे अकरा," चिमटा म्हणाला.

"पाण्याच्या माऱ्याने तुषार (हवेत उडणारे बारीक थेंब) उठतात," आजोबा पुटपुटले. "मोरीत जंतू असले, तर ते थेंबांवर बसून वर जातात. औषध मारलेल्या टेबलांवर."

आईने पाइप खाली ठेवला. "म्हणजे दमयंतीबाईंना मी..."

"इथले सफाईचे नियम मी लिहिले, मार्था," आजोबा म्हणाले. "काय काय धुवायचं ते सगळं लिहिलं. कशानंतर काय, ते लिहिलं नाही. वाटलं, त्यात काय सांगायचं!"

एस्तेरने आईचा हात धरला.

गुरुवारी मोरीच्या स्वॅबची बशी निळीशार झाली. त्याच दिवशी आईने सगळ्यांत आधी मोरी घासली, ब्रशने, बादलीतलं पाणी हळू सोडत. मग टेबलं. जंतुनाशक अगदी शेवटी. शुक्रवारी तपासनीस नमुने घेऊन गेले.

रविवारी निकाल आला. एकाही बशीत ठिपका नव्हता. सोमवारपासून कारखाना सुरू होणार होता, पण घरात कुणी टाळी वाजवली नाही. आईने वहीतल्या कागदावर लिहिलं, 'मोरी आधी, हळू पाण्याने. टेबलं नंतर.'

"हे इतर कारखान्यांना पाठवू?" चिमट्याने विचारलं. "कारणही लिहायचं?"

"लिही," आई म्हणाली. "काय चुकलं आणि त्याने काय झालं, सगळं लिही."

मग तिने घरातली मोरी धुतली आणि भांडी त्यानंतर घासली. एस्तेरने तिचं ताट वाढलं. तेवढ्यात चिमट्याचा दिवा लुकलुकला.

"एकोणीस कारखान्यांनी विचारलंय, मोरी शेवटी धुवायची नाही, हे कसं काय?"

आईने ताट जवळ ओढलं आणि भाकरी मोडली.

"सांगते. दोन घास खाऊ दे आधी."