देवबागच्या खळ्यातलं गाऱ्हाणं

माणसाने आजवर सांगितलेल्या सगळ्या हकिकतींत ही सर्वांत खरी. हिला सात साक्षीदार आहेत.

सातही जण आता म्हणतात, आम्ही तिथे नव्हतोच.

गेल्या वर्षी, मार्गशीर्षातला मंगळवार. देवबाग. भर दुपारचे साडेतीन.

किशोरी पिशवी भरून ओट्यावर बसली होती. बाबा न्यायला येणार होते. तिचा फोन नवऱ्याकडे असायचा, म्हणून तिने घरच्याच होमस्टेतल्या एका पाहुणीच्या फोनवरून त्यांना कळवलं होतं.

नवरा जितेंद्र. पाहुण्यांनी त्याच्या नम्रपणाला पाच स्टार दिलेले.

आधी थप्पड. मग पट्टा. परवा गळा.

आणि दर वेळी दुसऱ्या दिवशी माफी म्हणून सुरमई. त्या महिन्यात घरात फार सुरमई झाली.

त्याची पहिली बायको अनुजा विहिरीत गेली. कठडा कमरेइतका उंच. तरी गावाने ठरवलं, पाय घसरला.

बाबा आले. गंगाराम. हातात नारळ... आणि सोबत गावचा मानकरी धोंडू गावकर.

"बाबानू, नारळ कित्याक?"

"गाऱ्हाणा घालूक. सगळा बरा होतला."

"माका घेवन जावा. तो माका मारून टाकीत."

"आणि लोकांक काय सांगू? गप रव गो."

खळ्यात, घरापुढच्या अंगणात, जितेंद्र आणि शेजारी धरून सात पुरुष उभे राहिले. धोंडू देवाला मागणं घालणार, बाकीच्यांनी होकार भरायचा.

"बा देवा म्हाराजा... ह्या जितेंद्राचो राग शांत कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या चेडवाक नवऱ्याच्या शब्दात रवांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सर्वांत मोठा आवाज बाबांचा होता.

किशोरीने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नारळाची शेंडी नीट केली.

"घरातला घरातच रवांदे रे म्हाराजा!"

"नाय म्हाराजा."

बाईचा आवाज. शांत. स्वयंपाकघरातून...

तिथे कुणीच नव्हतं. खळ्यात बाई एकटी किशोरी, आणि तिने ओठ घट्ट मिटले होते.

"कोण गो ता?" धोंडू खेकसला. त्याने पुन्हा सुरू केलं.

"घरातला... घरातच रवांदे..."

"नाय म्हाराजा."

आता अगदी किशोरीच्या खांद्यापाशी.

जितेंद्र मटकन खाली बसला.

"अनुजा..."

किशोरीने पिशवी उचलली. कुणी अडवलं नाही. बाबा तेवढे मागून ओरडले, "किशोरी, थांब गो! नारळ फोडूचो आसा!"

ती मालवणच्या एसटीत चढली. उतरायचं कुठे, ठरलं नव्हतं. माहेर तर मागे खळ्यात उभं होतं.

ती कडेला बसली. खिडकीकडची जागा रिकामी.

रिकामीच होती... ती आजही शपथेवर सांगते.

तारकर्लीला एक मासेवाली चढली. पाटी कमरेवर घेऊन तिने त्या खिडकीकडे पाहिलं, मग किशोरीकडे.

"बाये, तुझ्या भयणीक सांग गो, जरा सरकांदे."