एका वर्षाची किल्ली

तीस नोव्हेंबरला त्या कचेरीत दोन रांगा लागतात. एक पेन्शनवाल्यांची, आपण अजून जिवंत आहोत हे दाखवायला आलेल्यांची. दुसरी छोटी, आणि तिच्यात कुणी कुणाकडे बघत नाही. नरसम्मा आडेप दुसऱ्या रांगेतून टेबलापाशी पोचली होती. तिच्या लेकीला, पद्माला, ज्यानं मारलं त्याला तिनं आणखी एक वर्ष द्यायचं होतं.

तो, दिगंबर घोडके, बाजूच्या बाकावर बसला होता. दाढी केलेली, गुडघ्यांवर हात. बेड्या नव्हत्या. त्याच्या मेंदूत शमक होता: तांदळाच्या दाण्याएवढी चकती, रागाची लाट उठायच्या आत विझवणारी. तिचीच एक तार काळजापर्यंत गेलेली. मयताच्या सख्ख्या माणसानं वर्षातून एकदा अंगठा दाबला की चकतीला वर्षभराची किल्ली मिळे, जुन्या घड्याळासारखी. नाही दाबला तर तीस तारखेला संध्याकाळी पाचला काळीज बंद. फाशी रद्द केल्याचा सरकारला भारी अभिमान होता. दोर म्हाताऱ्या बायकांच्या हातात देऊन साहेबलोक मोकळे झाले होते.

“परत लाल दिवा! विड्या वळून वळून रेषाच पुसल्यात की ओ मावशी,” टेबलावरच्या शेटेबाई वैतागल्या. “दोनदा झालं. तिसऱ्यांदा नाही उमटला तर यंत्र घेणारच नाही. साडेचार वाजून गेलेत.”

“मग चेहरा घ्या. पेन्शनला घेता की.”

“चेहरा झोपेतही काढता येतो. इथं तुमची इच्छा लागते, म्हणून दाबायचं. कोमट पाण्यात बोट भिजवा, उमटेल.”

इच्छा! सहा वर्षं ती कुणी विचारली नव्हती. पहिल्या वर्षी तिला वाटलं होतं, जगू दे, जगून भोगू दे. पण शमकानं त्याचं भोगणंही विझवलं. पुढं नोटीस यायची, ती यायची, अंगठा टेकवायची, घरी जाऊन पुन्हा विड्या वळायची.

दिगंबर उठला. चहावाल्याकडून मगभर कोमट पाणी आणून त्यानं तिच्यापुढं धरलं. तिनं अंगठा बुडवला.

“मरायची भीती नाही वाटत रे तुला?”

“आधी वाटायची. आता वाटत नाही.”

“पद्मा आठवते?”

“आठवते. नळावर तिनं माझा हंडा सरकवला. मी दगड उचलला.” विजेच्या मीटरचा आकडा वाचावा तसा तो बोलला. “काही होत नाही.”

त्याआधी एका हमालाला त्यानं असंच मारलं होतं. वागणूक चांगली म्हणून चौदा वर्षांनी सुटला, आणि अकराव्या आठवड्यात पद्मा गेली. सोडताना कुणाला विचारलं होतं? विचारणं सुरू झालं ते मारायची जबाबदारी गळ्यात घालायची वेळ आली तेव्हा.

पण नरसम्माला वेगळंच जाणवलं. पद्माचं नाव निघालं, नळ निघाला, दगड निघाला, आणि तिच्या स्वतःच्या छातीतही काहीच हललं नव्हतं.

“बाई, याची चकती बंद करा. थोडा वेळ.”

“वेड लागलंय का? दोन खून केलेत त्यानं!”

“माहीत आहे. त्यातला एक माझ्या घरचा आहे.”

“तपासणीपुरती पाच मिनिटं मंद होते, पण...”

“मग करा. काय केलंय ते कळू दे त्याला. त्याशिवाय मी बोट लावायची नाही.”

शेटेबाईंनी घड्याळ बघितलं. पावणेपाच. हा इथं आडवा झाला तर पंचनामा त्यांच्याच नशिबी होता. त्यांनी दारातल्या शिपायाला जवळ बोलावलं आणि कळ फिरवली.

मिनिटभर काही नाही. मग दिगंबरची पापणी फडफडली. माणसानं माणसाकडे बघावं तसं त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. मानेवरची शीर टरारली. मगातलं पाणी हिंदकळलं आणि तिच्या मनगटावर सांडलं.

“पद्मा,” तो म्हणाला. आवाज मीटर वाचणाऱ्याचा नव्हता.

सहा वर्षांनी नरसम्माच्या छातीत काहीतरी धडधडलं. तिनं अंगठा पदराला पुसला आणि काचेजवळ नेला. मगाच्या कडीवर त्याची बोटं पांढरी पडली होती. ही थरथर रडण्याची होती, की रागाची? आणि रडण्याचीच असेल, तर रडायला लागलेल्या या माणसाला पाच मिनिटांनी पुन्हा विझवणाऱ्या चकतीला तिनं किल्ली द्यायची का?