पडद्यावरचा तिसरा हात

पडद्यावर एक टेबल, पिठाचा एक डबा, मुठीचा जोर मोजायचं एक यंत्र आणि तीन हात होते. त्यांतले दोन बेकरीवाल्या काकांचे. डावा धडधाकट, उजवा पक्षाघाताच्या झटक्यातून सावरत असलेला. तिसरा मात्र मनगटापर्यंत पिठाने माखलेला होता आणि हळूच काकांच्या बोटांखाली यंत्र सरकवत होता.

"तो तिसरा हात कुणाचा?" तिने विचारलं.

"मुलाचा," काका म्हणाले.

"त्याला बाहेर काढा. घरच्यांनी मदत करायची नाही."

"फक्त हात काढू मॅडम, की मीही जाऊ?" चौकटीबाहेरून आवाज आला.

तिने हसू दाबलं. ती फिजिओथेरपिस्ट होती. झटका येऊन गेलेली माणसं घरी परतली, की ती दर आठवड्याला त्यांना व्हिडिओ कॉल करायची. ध्येय त्यांचं त्यांनी ठरवायचं, व्यायाम त्यांनी करायचे, मोजायचंही त्यांनीच. हिने फक्त सोबत करायची. काकांना पुन्हा दोन्ही हातांनी पावाचं पीठ मळायचं होतं. मूठ बारा किलोंवर गेली की कॉल बंद आणि फाइलही बंद.

मुलगा चौकटीबाहेर गेला खरा, पण आवाज काही गेला नाही.

"मॅडम, पीठ फुगून तयार झालं हे कसं ओळखाल?"

"तापमान आणि वेळ बघून."

"चूक! बोटाने दाबायचं. खळगा लगेच उसळून आला, तर पीठ अजून कच्चं. हळूहळू भरला, तर तयार."

"आणि भरलाच नाही तर?"

"तर... आपल्याला उशीर झाला."

त्या दिवशी कॉल संपल्यावरही ती पडद्याकडे बघत राहिली. या आवाजाला चेहरा कसा असेल? आणि याच कॉलच्या आधी आपण केस का विंचरतो? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिने टाळलं.

काकांचा आकडा मात्र आठावर अडून बसला. तिने व्यायाम बदलले, खुर्चीची उंची बदलली... आठ ते आठच!

मग एकदा टेबलावरचा फोन घसरला आणि पडद्यावर ओट्यावरचा पिठाचा गोळा आला. त्यावर दोन्ही तळव्यांचे ठसे होते, सारखेच खोल.

"हे कुणी मळलं?"

"बाबांनी! हल्ली रोज तेच मळतात," चौकटीबाहेरचा आवाज अभिमानाने म्हणाला.

काका छताकडे बघू लागले.

"काका, आठ किलोंच्या मुठीने असं पीठ मळलं जात नाही."

"पोरी..." काका एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मी पडलो... तेव्हापासून हा गप्प. बेकरी, औषधं... गिऱ्हाइकाशीही मोजून बोलायचा. तुझा फोन आला की... तोंडाचा पट्टा सुटतो. बारा झाले की... फोन बंद."

"बाबा!"

तिचे कान तापले. आठ लिहिलं की पुढच्या आठवड्यात पुन्हा हाच आवाज. कुणाला कळणारही नव्हतं. तिने पेन टेकवलं... आणि उचललं.

"काका, मी खोटा आकडा लिहिणार नाही. आणि फाइल उघडी आहे तोवर तुमच्या घरातल्या कुणाशीही मला कामापलीकडचं बोलता येत नाही." तिची नजर चौकटीच्या कडेकडे गेली. "बंद झाल्यावर... येतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं, शहाणे!"

काकांनी दात-ओठ खाऊन यंत्र दाबलं. साडेतेरा.

तिने आकडा लिहिला. तेवढ्यात पडद्यात एक चेहरा वाकला. भुवईवर पीठ, डोळ्यांत घाबरट हसू.

"फाइल बंद?"

"बंद."

"मग उद्या संध्याकाळी... बेकरीत याल?"

ती गेली. तो दारातच उभा होता, हात स्वच्छ धुऊन.

"फोनवर तुम्ही फार कडक वाटायचात," तो म्हणाला.

"आणि आता?"

"आता... काहीच सुचत नाहीये."

"तुम्हाला? काकांना बोलावू का?"

तो हसला आणि त्याने हात पुढे केला. तिने तो हातात घेतला. सवयीने तिची बोटं मनगटाकडे सरकली, नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली.

"हे काय करताय?"

"बोलू नकोस. मोजतेय."

सेकंदकाटा एक फेरी फिरून आला. त्याची नाडी मिनिटाला एकशे अठरा होती.